अष्टपैलू बर्फ

चित्रकलेचे सर वर्गात येत तेव्हा आधी त्यांची पट्टी येई आणि मागून सर. पट्टी लाकडी, दोन फुटी, कडेला पितळेची धार बसवलेली. एकतीस वर्षांत तिने एकाही मुलाला मारले नव्हते. पण तिच्यामुळे जितकी मुले रडली, तितकी छडीवाल्या सरांनाही रडवता आली नव्हती. पट्टीच्या टोकापासून रेघ मोजणाऱ्या मुलाला सर उभे करत आणि विचारत, "शून्य कुठे आहे?" मुलगा टोकाकडे बोट दाखवी. "ते टोक आहे," सर म्हणत, "शून्य त्याच्या आत अर्धा सेंटीमीटर आहे. टोकालाच शून्य समजणारा माणूस जन्मभर अर्धा सेंटीमीटर खोटं बोलतो आणि त्याला ते कळतही नाही."

मुलांनी त्यांचे नाव 'साठ अंश' ठेवले होते. ते पहिल्यांदा कानावर आले तेव्हा सरांनी क्षणभर विचार केला, आणि संख्या बरोबर आहे एवढ्यासाठी राग गिळला.

या नावामागे बर्फ होता. सहा महिन्यांपूर्वी वरून एक परिपत्रक आले होते. विज्ञानाचे अध्यापन कलेच्या माध्यमातून आनंददायी करावे, अशी त्यात आज्ञा होती. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांनी ते वाचले, खाली सही केली आणि आनंददायी होण्याचे काम मुलांवर सोपवून दिले. चित्रकलेच्या सरांनी मात्र ते तीनदा वाचले, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, आणि मग ते मनापासून अमलात आणले. परिपत्रक काढणाऱ्यांना असे काही होईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

त्यांनी विषय निवडला हिमस्फटिकांचा. कारण त्या गावात वर्षातले चार महिने तो विषय फुकट आणि दारात येऊन पडत असे. विज्ञानाचे सर जोडीला होते. हा गृहस्थ हुशार होता, पण त्याच्या हुशारीला कणा नव्हता. समोर जो बसला असेल त्याच्या मताच्या आकाराची ती होई.

पहिल्या तासाला सरांनी मुलांना वर्तुळ काढायला लावले. "आता कंपास जेवढा उघडा आहे तेवढाच राहू द्या. परिघावर कुठेही टोक रोवा आणि चालायला लागा. पावलं मोजा." मुले चालली. एक, दोन, तीन... सहाव्या पावलाला कंपास जिथून निघाला होता तिथेच परत आला. काहींचा चुकून पाच आणि थोडे वर, असा आला. त्यांची टोके बोथट निघाली. सहा बिंदू जोडले, षट्कोन झाला. "आता सांगा," सर म्हणाले, "पाण्याला कंपास कोणी दिला?"

मग विज्ञानाच्या सरांनी सांगितले, की पाणी गोठताना त्याचे कण एकमेकांचे हात अशा बेताने धरतात की सहा कोपऱ्यांची कडी तयार होते, आणि कडीला कडी लागत जाते. पुढचे चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवले. कोपऱ्यावरच्या घराला रस्त्याची धूळ आधी लागते, तशी स्फटिकाच्या कोपऱ्यांना हवेतली वाफ आधी लागते. म्हणून कोपरे वाढतात, कोपऱ्यांचे हात होतात, हातांना फांद्या फुटतात. सहाही हात एकाच हवेतून उतरले म्हणून सारखे. आणि दुसरा स्फटिक दुसऱ्या वाटेने उतरला म्हणून निराळा. दोन हातांमधला कोन साठ अंश. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही.

मुले रंगली, हे कबूल केले पाहिजे. पण जिथे तिथे एक अपवाद असतोच. पहिल्या बाकावरच्या, पेन्सिलीचे टोक चावून झाडूसारखे करणाऱ्या मुलीने बारा हातांचा स्फटिक काढून आणला. रेखीव, प्रमाणबद्ध, शेजारच्या दोन हातांत तीस अंश.

"हे काय आहे?"

"बर्फाचं फूल, सर."

"बर्फाच्या फुलाला हात किती?"

"सहा. पण याला बारा होते. मी पाहिलंय, सर. आमच्या खिडकीच्या गजावर बसलं होतं."

"दोन स्फटिक एकावर एक पडले असतील."

"नाही सर, मधोमध एकच टिंब होतं."

"डोळ्यांनी पाहिलेलं आणि कंपासने पडताळलेलं यात फरक असतो," असे म्हणून सरांनी तिला दहापैकी शून्य दिले. शून्यही त्यांनी कंपासने काढले. मुलीने वही मिटली आणि त्या दिवसापासून पेन्सिलीऐवजी वेणी चावायला घेतली. वर्गाने तिचे नाव ठेवले 'बारा'.

इथवर सगळे सरळ चालले होते. शाळेला पन्नास वर्षे पूर्ण होत होती, हे मध्येच मुख्याध्यापिका बाईंच्या लक्षात आले आणि घात झाला.

बाईंना शाळेसाठी नवे बोधचिन्ह हवे होते. बर्फाचा उपक्रम त्यांच्या कानावर होता, त्यामुळे हिमकणाचे चिन्ह ठरले. इथे कोणाही शहाण्या माणसाने चित्रकलेच्या सरांना विचारले असते. बाईंनी पाट्या रंगवणाऱ्याला विचारले. रंगाऱ्याने कागद दुमडला, पुन्हा दुमडला, आणखी एकदा दुमडला, कात्री चालवली आणि उलगडून दाखवला. जगातला कोणताही घाईचा माणूस असाच कागद दुमडतो, आणि अशा कागदातून आठच हात निघतात. बाईंनी ते आठ हात मोजले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. कारण शाळेचे ब्रीदवाक्य होते, 'विद्यार्थी अष्टपैलू व्हावा.'

मग काय विचारता! रंगाऱ्याच्या घाईला दैवी संकेताचा मान मिळाला. पाच फुटांचा पत्र्याचा अष्टपैलू हिमकण फाटकावर चढला. निमंत्रणपत्रिकांवर तो आला, बाईंच्या शालीच्या पिनेवर आला. प्रत्येक वर्गाला शंभर-शंभर हिमकण कापण्याचा हुकूम सुटला. मुलांनी ते कापले, आणि शाळेच्या जिन्यावरून चालताना पायांत इतके कपटे येऊ लागले की 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण शिकवण्यासाठी भाषेच्या बाईंना उदाहरण शोधावे लागले नाही.

सर फाटकापाशी थांबले, वर पाहिले, पिशवीतून कोनमापक काढून डोळ्यासमोर धरला, आणि तसेच थेट कार्यालयात गेले.

"या सर, तुम्हालाच बोलावणार होते," बाई म्हणाल्या. "आपलं ब्रीदवाक्य काय?"

"विद्यार्थी अष्टपैलू व्हावा."

"मग आपल्या शाळेचा हिमकण किती हातांचा असायला हवा?"

"सहा."

"सर, मी शाळेचा म्हणाले."

"बाई, शाळेवरही तोच पडतो."

बाईंनी पेन खाली ठेवले. "दोन हात जास्त दिले तर बर्फाचं काय बिघडणार आहे?"

"बर्फाचं काही बिघडणार नाही."

"मग झालं तर!"

"मुलांचं बिघडेल. आता फाटकातून आत येतानाच त्यांना शिकवलेलं पुसून टाकावं लागतंय."

"फाटकावरचे हात मोजायला सांगतंय कोण त्यांना?"

"मी. सहा महिने दुसरं काय करतोय?"

विज्ञानाचे सर तिथेच बसले होते. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी चष्मा पुसला. "शास्त्रीयदृष्ट्या सहा," ते म्हणाले, मग बाईंची नजर चाचपून, "पण भावनिकदृष्ट्या आठ म्हणायला हरकत नाही."

बाईंनी सूर मऊ केला, आणि सूर मऊ झाला की त्या घाव घालत. "शिक्षणाधिकारी साहेब येत्या सोमवारी येताहेत. एक खोली संगणकांसाठी रिकामी करायची आहे. कुठली, ते मी सुचवायचंय. खेळाच्या सामानाची खोली आहे, नाहीतर तुमचा चित्रकला कक्ष. प्रदर्शनात मुलांची आठ हातांची चित्रं लागली, खाली तुमची सही असली, की मला खेळाचं सामान सुचवायला बरं पडेल. साठी जवळ आली की माणसानं थोडं लवचीक व्हावं, सर."

"साठीला अजून तीन वर्षं आहेत," सर म्हणाले. त्या सगळ्या बोलण्यात चूक म्हणून दाखवता येण्याजोगे तेवढेच होते.

चित्रकला कक्ष म्हणजे उत्तरेकडे उंच खिडक्या असलेली, दिवसभर एकसारखा उजेड देणारी खोली. उतरती टेबले, प्लास्टरचे शंकू आणि घन, रंगांनी कायमचे जांभळे झालेले मोरीचे भांडे. एकतीस वर्षे सरांनी तिथल्या पेन्सिली लांबीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. ती खोली गेली तर तास वर्गावर्गांत फिरून घ्यायचे, म्हणजे कागद एकीकडे, रंग दुसरीकडे आणि सर तिसरीकडे. बाईंचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा जुनाच होता. फरक एवढाच, की या खेपेला बाईंच्या हातात खोलीची किल्ली होती.

घरी पत्नी शिवणयंत्रावर बसली होती. तिचा शिवणकामाचा धंदा सरांच्या नोकरीपेक्षा जुना होता, आणि कागदाची घडी तिसऱ्या हिश्शाने कशी घालायची, म्हणजे नेमके सहा हात निघतात, हे सरांना तिनेच शिकवले होते. सरांनी हकिकत सांगितली. तिने पायाखालचे यंत्र न थांबवता ऐकली.

"अहो, तो बर्फ तुमच्या नात्यात लागतो का कोण?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला खोली लागत नाही. तुम्हाला लागते. काढा की दोन हात जास्त. कोण मरतंय?"

"उद्या माणसाच्या हाताला आठ बोटं काढा म्हणतील."

"बाईंच्या हाताला काढा. त्यांची लुडबुड बघता कमीच पडतील." तिने दोरा तोडला. "आणि त्या बारा हातवाल्या पोरीचं काय केलंत?"

"शून्य दिलं. ते तर तुला सांगितलंच होतं."

"हो, मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तिनं जास्त काढले तर शून्य. बाईंनी काढले तर तत्त्वाचा प्रश्न. पोर खोटं बोलणारी आहे का?"

"चुकली असेल."

"तुम्ही खिडकीशी जाऊन पाहिलंत?"

सरांनी वर्तमानपत्र उघडले. ते कालचे होते, तरीही पंधरा मिनिटे वाचत राहिले.

सोमवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. सरांनी सहीही केली नव्हती आणि आठ हातांचे एकही चित्र लावले नव्हते. त्यांचा बेत साधा होता. साहेबांना पटांगणात न्यायचे, काळ्या कापडावर बर्फ झेलायचा, भिंग हातात द्यायचे आणि म्हणायचे, मोजा. हाताच्या काकणाला आरसा कशाला? पत्नीने निघताना काळ्या मखमलीचा वीतभर तुकडा दिला. "गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कॉलरचा आहे. जसा नेताय तसा आणा."

मखमल आणि भिंग सरांनी तासभर आधी बाहेरच्या व्हरांड्यात गार करत ठेवले, कारण उबदार कापडावर स्फटिक पडतो तो पाणी होऊनच पडतो. बर्फावर श्वास जाऊ नये म्हणून मुलांनी तोंडाला पुठ्ठ्याचे पडदे बांधले होते. साहेब आले. बाईंनी त्यांना फाटकावरचा पत्रा दाखवला, जिना दाखवला, कपटे दाखवले. साहेब सगळ्यालाच "वा, वा" म्हणाले. हा माणूस गेली वीस वर्षे वा, वा म्हणत निरनिराळ्या शाळांतून हिंडत होता, आणि प्रत्येक शाळेला तो आपल्यावरच खूश झाल्यासारखे वाटे.

व्हरांड्यात सरांनी त्यांना अडवले. "साहेब, दोन मिनिटं. आपल्या डोळ्यांनी मोजावेत, एवढीच विनंती."

साहेब भिंगावर वाकले. चष्म्यावर वाफ धरली, तोंडातून "वा" निघाले, आणि त्या 'वा'बरोबर पहिला स्फटिक वितळला. दुसरा बाईंनी पाहिला. त्यांना त्यात आठ दिसले. तिसरा विज्ञानाच्या सरांनी पाहिला आणि प्रकाश पुरेसा नसल्याचे सांगितले.

सरांनी मखमल पुन्हा बाहेर धरली. पाच-सहा स्फटिक येऊन बसले. "कोण मोजतंय?" मुले पुढे सरकली. सहा, सर. सहा. सहा. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू पटल्याची छटा येऊ लागली होती. बाईंच्या लक्षात ती आली होती आणि सरांच्याही. तेवढ्यात भिंग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हाती गेले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग पुठ्ठ्याच्या आडून हळूच म्हणाली, "सर, बारा."

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारले.

सरांनी भिंग घेतले. मखमलीच्या कडेला एक स्फटिक बसला होता. मधोमध एकच टिंब. त्यातून निघालेले बारा हात. शेजारच्या दोन हातांत, कोनमापक लावायची गरज नव्हती इतके स्वच्छ, तीस अंश.

तो अजून फक्त त्या दोघांनीच पाहिला होता. पुठ्ठ्याचा पडदा सरांच्या तोंडावर नव्हता; गडबडीत तो एका मुलाला दिला होता. नुसता श्वास सोडला असता तर काम झाले असते. कोणी त्याला खोटेपणा म्हटले नसते. श्वास घेण्याचा हक्क सर्वांनाच असतो. बर्फ पाणी झाला असता, मुलगी चुकली असती, साहेब पटले असते, खोली राहिली असती. एकतीस वर्षे जो माणूस मुलांना शून्य टोकाच्या आत अर्धा सेंटीमीटर असते असे सांगत आला होता, त्याला या घडीला पट्टीचे टोक फार सोयीचे दिसत होते.

सरांनी श्वास धरून ठेवला. तोंड बाजूला वळवून ते म्हणाले, "साहेब, इकडे या. नाक धरून या. बारा आहेत."

साहेबांनी खरोखरच नाक धरले, पाहिले आणि मोजले. "बारा," नाकातून आवाज आला.

"बघा!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "बारा असू शकतात, तर आठ का नाहीत? सर, तुमच्या सहाचे तर बारा वाजले!"

"सहा दुणे बारा," सर म्हणाले. "दोन स्फटिक एकाच टिंबाला धरून वाढले आहेत, एक दुसऱ्यापासून तीस अंशांनी फिरून. म्हणून बारा झाले. आठ त्यात कुठेच बसत नाहीत." एवढे बोलून ते मुलीकडे वळले, आणि पुढचे वाक्य त्यांना पहिल्यापेक्षा जड गेले. "तू म्हणाली होतीस, मधोमध एकच टिंब होतं. मी बघायला आलो नाही. चूक माझी होती."

मुलीने तोंडातली वेणी काढली. "सर, ते वितळतंय," ती म्हणाली.

साहेबांनी विज्ञानाच्या सरांना त्यांचे मत विचारले. "प्रत्येक मतात तथ्य आहे," ते म्हणाले. साहेबांना सगळ्या शाळेत हे एकच वाक्य स्वतःच्या भाषेतले वाटले. त्यांनी वही काढून तिथल्या तिथे शेरा लिहिला, आणि तो पुढे कितीतरी दिवस सूचनाफलकावर होता: 'हिमकणाच्या हातांच्या संख्येबाबत शाळेत एकवाक्यता दिसून येत नाही. ती तातडीने करून घ्यावी व अहवाल सादर करावा.'

एकवाक्यतेसाठी बैठक झाली आणि हात वर करून मतदान झाले. आठच्या बाजूने अकरा, सहाच्या बाजूने एक. विज्ञानाचे सर त्या दिवशी आजारी होते. बर्फाला बैठकीचे निमंत्रण नव्हते.

आठवडाभरात चित्रकला कक्षात संगणक आले. उत्तरेचा उजेड पडद्यांवर चमकतो अशी तक्रार झाली, म्हणून खिडक्यांना जाड कापड लावण्यात आले. सरांना व्हरांड्याचा मागचा, शेगडीची ऊब न पोहोचणारा कोपरा मिळाला. मखमल ओली झाल्याबद्दल घरी जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण दुसऱ्या दिवशी पत्नीने शिवणातली काळी चिंधी न् चिंधी जोडून एक भला मोठा चौकोन शिवून दिला. "नाहीतरी बाराच्या भावात जाणार होत्या," ती म्हणाली. कोपरा गारठलेला असल्यामुळे त्या कापडावर स्फटिक आता चांगली दोन-दोन मिनिटे टिकत. मुले कोट घालून बसत, आणि दातांवर दात वाजवत मोजत.

गुणांची नोंदवही सरांनी कोपऱ्यातल्या पहिल्याच दिवशी काढली. खाडाखोड त्यांना मान्य नव्हती. म्हणून त्या सुबक शून्याच्या डावीकडे त्यांनी पट्टी लावून एक उभी रेघ मारली, वरच्या टोकाला गोल बाक दिला, त्याचा एक झाला, आणि समासात लिहिले: 'शून्य चुकीने दिले गेले. शिक्षकाने खिडकी पाहिली नव्हती.' खाली तारीख घातली आणि पूर्ण नावाची सही केली. बाईंना हवी होती ती सही शाळेत अशी एकदाच झाली.

वर्ष सरता सरता वाऱ्याने फाटकावरच्या पत्र्याचे दोन हात मोडून पडले. मुले ओरडतच व्हरांड्यात आली. "सर, सहा झाले! सर, सहाच राहिले!"

सर पट्टी घेऊन फाटकापर्यंत गेले. बाईही शाल सावरत तिथे आल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, मग सरांकडे पाहिले. "झालं आता मनासारखं?" त्या म्हणाल्या. "मोजा. सहाच आहेत."

सरांनी कोनमापक डोळ्यासमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"संख्या बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "पण कोन अजून पंचेचाळीसचाच आहे."